दोऱ्याची ओढ : आमची वाटचाल

माझी नणंद जर्मनीत असते. 2013 च्या दिवाळीला ती मिरजेला आली, तेव्हा तिनं सासूबाईंसाठी तळहातावर मावेल एवढं टेडी अस्वल आणलं. उंची 9 सेंटिमीटर, हातापायांना फिरणारे सांधे, काळ्या काचेचे डोळे. सासूबाईंनी चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि मला म्हणाल्या, "अगं, गालावर कुठंच शिवण दिसत नाही. मग ही खळी पाडली कशी?"

छोटी अस्वलं शिवण्याचा आमचा व्यवसाय त्या प्रश्नातून उभा राहिला.

नणंद जर्मनीतल्या गिंगेनला, खेळणी करणाऱ्या श्टाइफ कंपनीचं संग्रहालय बघून आली होती. तिच्याकडून कळलं, की पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांनी 1880 मध्ये फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचा, छोटा हत्ती केला, तो टाचण्या खोचायची उशी म्हणून. त्यांच्या पुतण्यानं, रिचर्ड श्टाइफ यांनी, 1902 मध्ये सांधे हलणारं अस्वल तयार केलं. सासूबाईंना त्यातली टाचण्यांची उशी फार आवडली. "म्हणजे सुरुवात शिवणाच्या डब्यातूनच," त्या म्हणाल्या.

खळीचं उत्तर सापडायला मात्र आठ महिने गेले. साधारण 13 सेंटिमीटरच्या, म्हणजे 5 इंचांच्या आतल्या अस्वलाला मिनिएचर म्हणतात. एवढ्या लहान डोक्यावर गाल, भुवई, ओठ यांचे वेगळे तुकडे बेतून चालत नाही. शिवणीलाच दोन मिलिमीटर जातात. त्यामुळे खरा चेहरा शिवून, उलटवून, भरून झाल्यावर सुईनं घडवायचा.

लांब, बारीक सुई घ्यायची. दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढायचा. सुई मानेतून आत घालून डोळ्याच्या जागी बाहेर काढायची, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर परत आत खुपसायची आणि मानेतूनच बाहेर आणायची. आता दोरा ओढला, की तिथं खोबणी पडते. एका खोबणीतून दुसरीकडे, नाकाच्या मुळातून आरपार दोनतीन टाके घातले, की मधला भाग आपोआप उंच उठतो. त्यानंतर डोळ्याचा मणी बसवायचा. मणी नुसता वर शिवला तर अस्वल डोळे फाडून बघत राहतं. खोबणीत बसला की त्याला नजर येते. ओठाच्या कोपऱ्यातून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे ओढ दिली की हसू. पंजाच्या कडेवरून दोरा घेऊन आवळला की बोटं. सगळ्या गाठी मानेत, कारण डोकं धडाला जोडलं की त्या झाकल्या जातात.

पहिली बारा अस्वलं आम्ही ओळखीच्या सोफेवाल्याकडच्या मखमलीच्या कातरणांतून केली. विकली गेली, आणि दोन महिन्यांत पुण्याच्या एका बाईंनी फोटो पाठवला : डोळे वर आलेले, हसू गेलेलं. पाठोपाठ अजून तीन तक्रारी आल्या. चूक भरण्यात होती. डोकं मऊ राहिलं होतं, म्हणून ओढ द्यायला दोऱ्याला आतून आधारच नव्हता. भरण दबत गेलं आणि टाके सैल पडले. आम्ही चौघींचे पैसे परत केले. त्यानंतर मी सर्जिकल सामानाच्या दुकानातून आर्टरी फोर्सेप, म्हणजे कात्रीसारखा बारीक टोकाचा चिमटा, आणला. मिरज दवाखान्यांचं गाव, तो मिळायला वेळ लागला नाही. आता त्याच्या टोकात वाटाण्याहून लहान बोळा धरून आधी नाकाड ठासून भरतो, मग गाल, मग कपाळ. बोटानं दाबलं तर डोकं दबता कामा नये. सुती दोराही तेव्हाच सोडला. शेवटच्या ओढीला तो तुटला, की दिवसभराचं काम वाया जातं. बारीक पॉलिएस्टर दोरा टिकतो.

ओढ किती द्यायची, हे मात्र मापात सांगता येत नाही. आमच्या मागच्या गल्लीत तंबोरे होतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावताना, म्हणजे आवाजाला गुंजन आणताना, मी लहानपणापासून बघत आले. केसभर दोरा सरकला की अख्खा आवाज उघडतो. नव्यानं शिकायला आलेल्या मुलीला मी आधी तिथं घेऊन जाते. हात कसा थांबवायचा आणि कान कसा लावायचा, ते तिथं दिसतं.

2017 पासून आम्ही मोहेर वापरतो, अंगोरा शेळीच्या केसांचं कापड. महाग आहे, बाहेरून मागवावं लागतं, पण त्याची आखूड लव दोऱ्याखाली नीट दबते आणि टाका गिळते. कापताना कात्रीचं फक्त टोक पाठीच्या विणीतून चालवायचं, लव कापायची नाही.

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आमच्या अस्वलांना काचेचे डोळे, पोटात वजनासाठी बारीक छर्रे; ती लहान मुलांच्या हातात द्यायची वस्तू नव्हेच. तेव्हापासून प्रत्येक डबीवर 'संग्राहकांसाठी, खेळणं नाही' असं छापतो आणि बाळाच्या वाढदिवसासाठी आलेली मागणी घेत नाही. त्या वर्षी निम्मी विक्री गेली. तरी हा निर्णय मला पूर्ण पटलेला आहे.

सध्या आम्ही पाचजणी आहोत. एक अस्वल पुरं व्हायला दोन ते तीन दिवस लागतात, त्यातला जवळपास एक दिवस फक्त चेहऱ्याचा. माझं मन मात्र आता मेळघाट-ताडोब्यातल्या आपल्या अस्वलात गुंतलंय. गुबगुबीत गोल चेहरा त्याचा नाही. लांब नाकाड, विस्कटलेली काळी लव, छातीवर फिकट खूण, लांब पांढुरकी नखं. वरचे मधले दोन दात नसतात आणि ओठ सैल असतात. ओठ पुढे काढून हे अस्वल वाळवी शोषून खातं. तो ओठ दोऱ्यानं काढायला मला सहा डोकी उसवावी लागली. हसऱ्या अस्वलाचा टाका वर ओढायचा असतो. इथं ओठाखालून हनुवटीकडे, खाली आणि मागे ओढावा लागला. सातवं डोकं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी खिडकीशी नेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हा जांबुवंत."

या अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तशी जोडी आता टेबलावर आहे. आई 10 सेंटिमीटरची, पिल्लू 3 सेंटिमीटरचं. पिल्लाच्या मानेत गाठ मावत नाही. काल पहिल्यांदा ती कानाखाली काढून पाहिली, वरून कान शिवला, आणि गाठ झाकली गेली.