सेल्माचा पूल

गाडी गावात लावली आणि पुलाकडे चालत निघाले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा गावी, अलाबामा नदीवरचा हा पूल मधोमध उंच आहे. गावाकडून चढताना पलीकडचं टोक दिसतच नाही. ७ मार्च १९६५ला कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मोर्चा काढलेली सुमारे सहाशे माणसं, दोघादोघांच्या रांगेनं, अशीच चढून गेली. माथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली रस्ता अडवून उभे असलेले पोलीस दिसले. तरी ती पुढं गेली. मग लाठ्या, अश्रुधूर, घोडेस्वार. मोर्चाच्या पुढं असलेल्या, पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. माथ्यावर मीही थांबले. खाली नुसता मोकळा रस्ता होता, तरी पाय लगेच उचलेना.

त्यांचं मागणं एवढंच होतं: मतदारयादीत नाव. वर्णावरून मताधिकार नाकारायचा नाही, असं अमेरिकेची पंधरावी घटनादुरुस्ती १८७० पासून सांगत होती. पण इथलं नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडं असे आणि आत वाचन-लेखनाची परीक्षा. पास-नापास ठरवणारे सगळे गोरे. मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी यादीत जेमतेम दोघं.

मला आजी आठवली. तिला सहीसुद्धा येत नव्हती. पण पहिल्या लोकसभा निवडणुकीत तिनं मत दिलं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. चिन्ह बघून चिठ्ठी टाकायची. “वाचून दाखव” असं तिला कुणी म्हटलं नाही. सेल्मात तिला दारातूनच परत पाठवलं असतं. जातीच्या बाबतीत आपण काही वेगळे वागलो नाही, हे मला ठाऊक आहे. पण मताच्या पेटीपाशी आपल्या घटनेनं आजीला अडवलं नाही, याचं मोल मला या पुलावर कळलं.

मोर्चाच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९६५ला, अमेरिकेत मताधिकार कायदा झाला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेणं भाग पडलं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, ही अट कोणाला लागू हे ठरवणारं कलमच रद्द केलं, त्यामुळं अट नावापुरतीच उरली. तो खटला याच अलाबामातल्या शेल्बी काउंटीचा. मार खाऊन मिळवलेलं असं निसटतं, याचा मला राग येतो.

पुलाच्या कमानीवर ठळक अक्षरांत नाव आहे: एडमंड पेटस. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेतला सेनानी, पुढं सिनेटर. मोर्चा या नावाखालूनच गेला होता. परतताना मीही त्याखालून आले. १९४०मध्ये पूल झाला तेव्हापासून ते तिथंच आहे.