ड्रोन आपला, मैदान पालिकेचे, आकाश तिसऱ्याचेच : माझा अनुभव

२०२३ च्या जुलै महिन्यात, आमच्या गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी मला अगदी सहज सांगितले, "अगं, तुझ्याकडे ड्रोन आहे ना? मग यंदा ढोल-ताशाच्या मिरवणुकीचं वरून शूटिंग तूच कर की." मी तितक्याच सहजपणे हो म्हणाले. मिरवणूक कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरातील एका सार्वजनिक मैदानात निघणार होती, सप्टेंबरला दोन महिने होते आणि माझ्याकडे कॅनडाचे मूलभूत ड्रोनचालक प्रमाणपत्रही होते. त्या होकाराचा अर्थ मला पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू कळत गेला.

ड्रोन मी त्याच्या दोन वर्षे आधी घेतला होता. दुकानातल्या विक्रेत्याने "नोंदणीचे नंतर बघता येईल" असे सांगितले होते, पण माझ्या बाबतीत ते 'नंतर' बरेच लांबले. २५० ग्रॅमपासून २५ किलोपर्यंतच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी ट्रान्सपोर्ट कॅनडा या सरकारी वाहतूक खात्याकडे करावी लागते आणि व्यक्ती म्हणून ती करण्याचा हक्क तेव्हा नागरिकांना व कायम निवासींनाच (पीआर मिळालेल्यांनाच) होता. मी वर्क परमिटवर होते, त्यामुळे नऊशे ग्रॅमचा तो ड्रोन पीआर मिळेपर्यंत कपाटातच राहिला. पीआर आल्यावर मात्र पाच डॉलरमध्ये नोंदणी झाली, 'सी'ने सुरू होणारा क्रमांक मी ड्रोनच्या अंगावर चिकटवला आणि दहा डॉलर भरून मूलभूत परीक्षाही घरबसल्या दिली. पस्तीस प्रश्न, नव्वद मिनिटे आणि पासष्ट टक्के गुणांना उत्तीर्ण, अशी ती परीक्षा फारशी अवघड नव्हती. तिचा एक तोटा एवढाच, की ती दिल्यावर आपल्याला सगळे समजले असे वाटू लागते.

मला पाठ असलेला नियम असा होता : मूलभूत प्रमाणपत्रावर प्रमाणित विमानतळापासून ५.६ किलोमीटर आणि प्रमाणित हेलिपोर्टपासून, म्हणजे हेलिकॉप्टरतळापासून, १.९ किलोमीटर दूर राहायचे, जमिनीपासून १२२ मीटरच्या वर जायचे नाही, ड्रोन नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि आपल्या कामाशी संबंध नसलेल्या माणसांपासून आडवे ३० मीटर अंतर ठेवायचे. मी नकाशावर पट्टी लावली. टोरोंटो पिअर्सन विमानतळापासून आमचे मैदान सुमारे आठ किलोमीटरवर भरले. म्हणजे झालेच काम, असे मला वाटले, आणि मी तसे काकांना कळवूनही टाकले.

चूक कुठे होती ते नॅशनल रिसर्च कौन्सिल या सरकारी संशोधन संस्थेचा ड्रोन नकाशा उघडल्यावर दिसले. ५.६ किलोमीटर ही अट वेगळी आणि नियंत्रित हवाई क्षेत्राची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ताब्यातल्या आकाशाची, हद्द वेगळी. मूलभूत प्रमाणपत्राला या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. मोठ्या विमानतळाभोवतीचे नियंत्रित क्षेत्र म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड असते. सर्वांत लहान मडके तळाशी, ते थेट जमिनीला टेकलेले. दूर जावे तशी वरची मोठी मडकी लागतात, पण त्यांचा तळ जमिनीपासून बराच उंच असतो. वरच्या मडक्याखाली उभे असलेल्याला शंभर मीटरपर्यंत काहीच अडसर नसतो, तळाच्या मडक्याच्या आत उभे असलेल्याला मात्र गवतापासूनच नियंत्रित हवा सुरू होते. आमचे मैदान तळाच्या मडक्यात होते, त्यामुळे माझे मूलभूत प्रमाणपत्र तेथे एक मीटर उंचीलाही चालणारे नव्हते.

तेथे उडवायचे तर प्रगत प्रमाणपत्र हवे, नियंत्रित क्षेत्रात चालेल असे उत्पादकाने ट्रान्सपोर्ट कॅनडाला लिहून दिलेले मॉडेल हवे आणि शिवाय नॅव्ह कॅनडाची परवानगी हवी. या दोन नावांत मी बरेच दिवस गोंधळत होते. ट्रान्सपोर्ट कॅनडा हे सरकारी खाते नियम करते व चालकाला प्रमाणपत्र देते. नॅव्ह कॅनडा ही १९९६ पासून हवाई वाहतूक नियंत्रण चालवणारी ना-नफा कंपनी आहे. एकीने दिलेला कागद दुसरीकडे पुरत नाही, आणि दोघींचेही कागद हातात असले तरी मैदानातून ड्रोन उचलायला पालिकेची परवानगी वेगळी लागते. हे तीन मालक वेगवेगळे मांडल्यावर माझ्या वहीतला निम्मा गोंधळ संपला.

प्रगत परीक्षेत पन्नास प्रश्न, साठ मिनिटे आणि ऐंशी टक्क्यांची अट असते. पहिल्या वेळी माझी अडतीस उत्तरे बरोबर आली, म्हणजे शहात्तर टक्के. मार खाल्ला तो वैमानिकांसाठीच्या हवामान अहवालातल्या संकेतांत. '२४००८ केटी' म्हणजे २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्येच्या किंचित पश्चिमेकडून आठ नॉट वेगाने येणारा वारा, हे मला येत होते. पण अहवालातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि टोरोंटोत उन्हाळ्यात ती चार तास पुढे धरायची असते, हे घाईत विसरले. पुन्हा परीक्षेला बसण्यापूर्वी चोवीस तास थांबावे लागते. ते मी अभ्यासात घालवले आणि दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले.

खरी कसोटी प्रगत प्रमाणपत्रासाठीच्या प्रत्यक्ष उड्डाणाच्या तपासणीत लागली. परीक्षक शांत स्वभावाचे होते. जागेची पाहणी, अडथळे, वाऱ्याची दिशा, जवळचे हेलिपोर्ट हे सगळे मी कागदावर नीट मांडले होते. ड्रोन तीस मीटरवर स्थिर असताना त्यांनी विचारले, "समजा आता तो तुमचे ऐकेनासा झाला आणि विमानतळाच्या दिशेने निघाला. काय कराल?" मी म्हणाले, "ताबडतोब कंट्रोल टॉवरला फोन करीन." ते म्हणाले, "करून दाखवा, नंबर न लावता." टॉवरचा क्रमांक माझ्या फोनमध्ये होता, आणि फोन रिमोटला अडकवलेला होता, कारण तोच माझा पडदा होता. फोन काढला तर ड्रोन कुठे आहे ते दिसणार नाही, न काढला तर फोन करता येणार नाही. त्यांनी मला नापास केले नाही, पण उत्तराची वाट पाहत बराच वेळ गप्प उभे राहिले. त्या दिवसापासून क्रमांक छापील कागदावर असतो आणि निरीक्षक म्हणून शेजारी उभ्या राहणाऱ्या माझ्या नवऱ्याचा फोन त्याच्या खिशात मोकळा असतो.

हे नियम कागदी वाटत असतील तर दोन घटना आठवाव्यात. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्यूबेक सिटीच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या लहान प्रवासी विमानाला ड्रोन धडकला. ऑगस्ट २०२१ मध्ये टोरोंटोजवळच्या बटनव्हिल येथे उतरणाऱ्या सेस्ना विमानाला चक्क पोलिसांचाच ड्रोन लागला. दोन्ही विमाने सुखरूप उतरली. सेस्नातल्यांना तर आधी पक्षी धडकला असेच वाटले होते.

प्रगत प्रमाणपत्र हाती आल्यावरही मिरवणूक मात्र अडलीच. जाहिरात करून भरवलेल्या खुल्या कार्यक्रमाच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत उडवायचे तर ट्रान्सपोर्ट कॅनडाचे विशेष उड्डाण प्रमाणपत्र लागते आणि त्याचा अर्ज कित्येक आठवडे आधी करावा लागतो. आमची पत्रके तर ऑगस्टमध्येच किराणा दुकानांत लागली होती. काकांना हे समजावणे परीक्षेपेक्षा अवघड गेले. "पण आपलाच कार्यक्रम ना गं?" हा त्यांचा प्रश्न माणूस म्हणून रास्त होता, नियमात मात्र त्याला जागा नव्हती.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी, मैदान मोकळे असताना, मंडप आणि त्यापुढची मोठी रांगोळी वरून टिपायची. पालिकेकडून लेखी संमती घेतली. नॅव्ह कॅनडाच्या नॅव्ह ड्रोन ॲपवर नकाशात मैदानाभोवती वर्तुळ काढले, उंची, वेळ आणि प्रमाणपत्र क्रमांक भरले. काही ठिकाणी ॲप लगेच मंजुरी देते. आमची विनंती तपासणीसाठी गेली आणि नंतर मागितलेल्यापेक्षा कमी उंचीची परवानगी आली. तेवढी पुरेशी होती. सकाळी सातला रांगोळी घालणाऱ्या मुलींना मैदानाच्या कडेला, तीस मीटरच्या पलीकडे थांबवले, नवऱ्याने आकाशाकडे नजर ठेवली आणि अकरा मिनिटांत उड्डाण आटोपले.

मिरवणूक मी दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याच्या शिडीवर चढून, हातातल्या कॅमेऱ्याने टिपली. शिडी काकांनी धरली होती.