अठरा किलोच्या देशी कुत्रीचं खाणं ठरवताना

कुत्र्याचं खाणं निवडायचं म्हटलं की आपण दुकानात जाऊन "कुठलं चांगलं?" असं विचारतो. मी सुरुवात घरच्या वजनकाट्यापासून केली. आमची कुत्री देशी, पूर्ण वाढ झालेली, नसबंदी झालेली, वजन १८ किलो. जात, वय, नसबंदी आणि वजन या चार गोष्टी हातात नसतील तर दोन पिशव्यांची तुलनाच होऊ शकत नाही. वजन घ्यायची सोपी रीत अशी: आधी आपण एकटे काट्यावर उभं राहायचं, मग तिला उचलून, आणि वजाबाकी करायची.

आता १८ किलो हे तिच्यासाठी बरोबर की जास्त, हे काटा सांगत नाही, बरगड्या सांगतात. छातीच्या बाजूवरून बोटं न दाबता फिरवायची. स्वतःची मूठ वळून सांध्यांच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यावर जसं टोचतं तशा बरगड्या लागल्या, तर कुत्रं बारीक आहे. पंजा सपाट धरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी पातळ कातडीखाली कळतात तशा लागल्या, तर उत्तम. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं आणि बरगडी शोधावी लागली, तर चरबी चढली आहे. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिल्यावर पोट मागे वर चढलेलं दिसावं. डॉक्टर यालाच १ ते ९ असे गुण देतात, १ म्हणजे अगदी हाडकुळं, ९ म्हणजे अगदी जाड. ४ किंवा ५ हवेत. आमचीचे ५ आले, म्हणून हिशोब १८ किलोवरच केला. गुण ७ आले असते तर आजच्या वजनावर नाही, तिच्या योग्य वजनावर करावा लागला असता.

हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वजनाचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. १८ चा घन ५८३२, पहिलं वर्गमूळ ७६.४, दुसरं ८.७४, गुणिले ७० म्हणजे ६१२ कॅलरी. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, नसबंदी नसेल तर १.८ ने, अंगाने सुटणाऱ्याला १.२ ते १.४ ने. पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तर ३ ने, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण २ ने. आमचा आकडा आला ९८०. हा अंदाज आहे. दिवसभर गच्चीवर धावणारी आणि सोफ्यावर लोळणारी, दोघी १८ किलोच्या असल्या तरी त्यांची भूक सारखी नसते. पण सुरुवातीला काहीतरी आकडा लागतोच.

मग पिशव्यांची पाळी. पुढची बाजू मी वाचतच नाही. तिथे फोटो असतो आणि 'प्रीमियम' लिहिलेलं असतं, या शब्दाला कायद्याने कसलाही अर्थ नाही. मागच्या बाजूला सगळ्यात आधी बघायचं ते 'संपूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलंय का, आणि कुठल्या वयासाठी. अमेरिकेतली ॲफ्को आणि युरोपातली फेडिआफ या संस्था पोषणाची किमान पातळी ठरवून देतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्यांवर त्यांचा उल्लेख असतो. ॲफ्को स्वतः कुठलंही खाणं तपासत नाही की त्याला मंजुरी देत नाही; 'ॲफ्को मान्य' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. ग्रेव्हीचे छोटे पाऊच अनेकदा 'पूरक आहार' असतात. ते तोंडी लावायला ठीक, रोजच्या जेवणाला नाही. शिवाय ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ६० ते ८० कॅलरी असतात. ९८० भरायला रोज डझनभराहून जास्त पाऊच लागतील.

कॅलरी कित्येक पिशव्यांवर छापलेल्याच नसतात. तेव्हा स्वतः काढायच्या. एका पिशवीवर प्रथिनं २४ टक्के, चरबी १२, तंतू ४, ओलावा १० असं होतं. राख, म्हणजे खनिजांचा भाग, लिहिली नव्हती, ती ८ धरली. यांची बेरीज ५८, उरले ४२ टक्के म्हणजे पिष्टमय पदार्थ. प्रथिनं आणि पिष्ट यांना प्रत्येकी ३.५ ने आणि चरबीला ८.५ ने गुणायचं: ८४ अधिक १४७ अधिक १०२, म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी. पिशवीवर टक्केवारी 'किमान' आणि 'कमाल' अशी दिलेली असल्यामुळे खरा आकडा थोडा वर असू शकतो, पण तुलनेला एवढं पुरतं.

या एका आकड्याने किमतीचा अर्थच बदलतो. समजा एक खाणं किलोला ३०० रुपये आणि १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी, दुसरं ४५० रुपये आणि ४०० कॅलरी. किलोच्या भावात दुसरं दीडपट महाग दिसतं. हजार कॅलरींचा भाव काढला तर ९० आणि ११२ रुपये, म्हणजे फरक पंचवीस टक्क्यांचा. त्यात महागडं नीट पचणारं असेल तर शीसुद्धा कमी होते. फ्लॅटमध्ये कुत्रं पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोरडं आणि ओलं यांची तुलना ओलावा वगळूनच करायची. कोरड्यावर २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के ओलावा असेल तर २४ भागिले ९०, म्हणजे जवळपास २७ टक्के. पाऊचवर प्रथिनं फक्त ८ टक्के दिसतात, पण ओलावा ८० असतो. ८ भागिले २० म्हणजे ४० टक्के. ॲफ्कोची किमान पातळी याच कोरड्या हिशोबात आहे: प्रौढांना प्रथिनं १८ टक्के, चरबी ५.५; वाढत्या पिल्लांना २२.५ आणि ८.५.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि तिथेच नजर फसते. 'ताजं चिकन' पहिलं असलं तरी त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तयार खाण्याचे दाणे भाजून कोरडे झाल्यावर ते यादीत बरंच खाली गेलं असतं. 'चिकन मील' ऐकायला कमी प्रतीचं वाटतं, पण ते पाणी काढलेलं असल्यामुळे प्रथिनांनी भरलेलं असतं. दुसरी युक्ती म्हणजे एकच धान्य तुकड्यांत लिहायचं: मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा. तिन्ही मिळवले तर मकाच पहिला येईल. ॲफ्कोच्या नियमात 'विथ चिकन' लिहायला ३ टक्के चिकन पुरतं, आणि 'चिकन फ्लेवर'ला तर नुसती चव जाणवण्याइतकं. यादीपेक्षा मला जास्त भरवसा कंपनीला पाठवलेल्या ईमेलच्या उत्तरावर आहे: खाणं कुणी बनवलं, त्यांच्याकडे पोषणतज्ज्ञ पगारी आहे का, १०० ग्रॅमला कॅलरी आणि कॅल्शियम किती? नीट उत्तर देणारी कंपनी यादीत ठेवली, गोल गोल बोलणारी काढून टाकली.

'ग्रेन फ्री'च्या मागे मी गेलो नाही. धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा येतो. अशा खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू पसरट होण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) जुलै २०१८ मध्ये जाहीर केली होती. कारण सिद्ध झालेलं नाही. पण तांदूळ आमच्या कुत्रीला उत्तम पचतो, मग त्या वाटेला जाण्याचं प्रयोजनच नव्हतं. भाताने खाज सुटते हा समज फार पसरलाय. खाण्याची ॲलर्जी कुत्र्यांत असते, पण ती बहुधा बीफ, दूध, चिकन किंवा गहू यांची. आपल्या हवेत खाजेचं पहिलं कारण गोचीड आणि पिसवा. ते निस्तरूनही खाज राहिली तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे एकच, आधी कधी न खाल्लेलं प्रथिन द्यायचं. त्या काळात बिस्किट नाही, आणि चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. एका तुकड्याने सगळी चाचणी वाया जाते.

घरचं जेवण की पिशवी, हा आपल्याकडचा खरा वाद. दूध-चपाती, दहीभात, वरणभात यावर कुत्रं जगतं हे खरं. पण पोट भरणं आणि पोषण होणं वेगळं. नुसता भात आणि बोनलेस चिकन दिलं तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. पिल्लांचे पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. प्रौढ कुत्र्याला हजार कॅलरींमागे किमान सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याच्या टरफलाच्या पुडीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे आमच्या कुत्रीला पूर्ण घरचं द्यायचं ठरवलं असतं तर रोज सव्वातीन ग्रॅम पूड, टरफलं धुऊन, उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक केलेली. एवढ्याने फक्त कॅल्शियम भागतं. झिंक, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व राहतातच. घरचंच द्यायचं असेल तर पाककृती पशुवैद्यकीय पोषणतज्ज्ञाकडून वजनानिशी लिहून घ्यावी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषणाचे विभाग आहेत, तिथे विचारता येतं. शाकाहारी घरांनीही घाबरून जाऊ नये: नीट संतुलित केलेल्या शाकाहारी खाण्यावर कुत्रं राहू शकतं, मांजर नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. संतुलित पिशवीच्या खाण्यावर वरून कॅल्शियमचं सिरप ओतणं आपल्याकडे सर्रास चालतं, विशेषतः लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनच्या पिल्लांना. लहान वयात ही पिल्लं जादा कॅल्शियम अडवू शकत नाहीत, सगळं शोषून घेतात, आणि हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. म्हणूनच मोठ्या जातींच्या पिल्लांच्या खाण्यात ॲफ्कोची कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या हिशोबात १.८ टक्के आहे, इतरांसाठी २.५. अशा पिल्लांसाठी पिशवीवर 'लार्ज ब्रीड पपी' असं स्पष्ट हवं. आणि सिरप, डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय, मुळीच नको.

मी पिशवीचं खाणं मुख्य ठेवलं आणि दहा टक्के, म्हणजे साधारण ९८ कॅलरी, घरच्यासाठी राखून ठेवल्या. एक उकडलेलं अंडं ७० ते ७५ कॅलरीचं, वर दोन चमचे उकडलेला लाल भोपळा. बस. एक मध्यम फुलका १०० कॅलरीच्या जवळ जातो. ग्लुकोज बिस्किटाच्या एका ग्रॅमला साडेचार कॅलरी. घरातल्या प्रत्येकाने लाडाने एकेक दिलं की कुत्रं 'काहीच खात नाही' आणि तरी जाड होतं. फोडणीचं, रश्शाचं काहीही नाही, कारण कांदा आणि लसूण शिजले तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिऱ्यातला मनुका, द्राक्षं, चॉकलेट, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम नाही. शिजवलेलं हाड नाही. त्याच्या काचेसारख्या टोकदार किरच्या होतात आणि आतडं फाटतं.

घरच्या ९८ वजा केल्यावर उरल्या ८८२ कॅलरी, म्हणजे त्या ३३३ वाल्या दाण्यांचे २६५ ग्रॅम, दोन वेळांत वाटून. हे काट्यावर मोजायचं. वाटीने मोजलं की दाण्याचा आकार आणि भरणारा हात बदलला की माप बदलतं. पिशवीवरचा तक्ता मात्र फक्त सुरुवातीला धरावा. तो सगळ्या कुत्र्यांसाठी एकच असल्यामुळे नसबंदी झालेल्या घरकोंबड्या कुत्र्याला सहसा जास्तच पडतो.

नवं खाणं एकदम दिलं नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, असं आठवडा-दहा दिवसांत पूर्ण केलं. या काळात रोज शी बघायची. घट्ट, तरी थोडी मऊ, खाचा असलेली, कागदाने उचलल्यावर फरशीवर जेमतेम डाग राहणारी असेल तर पचतंय. आकार आहे पण उचलताना पसरते, तर आहे त्याच टप्प्यावर दोन दिवस थांबायचं. पाण्यासारखी झाली, रक्त दिसलं किंवा उलट्या लागल्या तर प्रयोग बंद करून थेट डॉक्टर. महिनाभरानेही ढीगच्या ढीग होत असेल तर खाण्यात न पचणारं बरंच आहे; तेव्हा खाणं बदलायचं.

कुत्रीने अचानक तोंड फिरवलं तर खाण्याला दोष देऊन नवी पिशवी आणू नका. महाराष्ट्रात गोचीड ताप इतका आहे की भूक मंदावणं, अंग गरम, हिरड्या फिकट असं दिसलं तर आधी रक्त तपासून प्लेटलेट्स बघून घ्याव्यात.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत साठवणीकडे जास्त लक्ष लागतं. सुटं खाणं, उघड्या पोत्यातून मोजून दिलेलं, मी घेत नाही. ओलाव्याने मक्यावर बुरशी येते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत बिघडवतं; ते भाजल्यानेही पुरतं जात नाही. उघडल्यावर महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढीच पिशवी. २६५ ग्रॅम रोज म्हणजे महिन्याला आठ किलो, तेव्हा १० किलोची पिशवी चालते, २० ची नाही. दाणे डब्यात ओतायचे नाहीत. पिशवी तशीच गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवायची, म्हणजे बॅच क्रमांक आणि तारीखही हाताशी राहते. जुन्या तेलाचा खवट वास आला तर ती पिशवी दुकानात परत करायची.

दर पंधरा दिवसांनी वजन आणि बरगड्या. बरगडी बुजायला लागली तर २६५ वरून दहा टक्के कमी, म्हणजे २४० ग्रॅम. हाडं उठून दिसायला लागली तर २९०. बदलल्यावर पुढचे पंधरा दिवस आकडा हलवायचा नाही, नाहीतर कशाने काय झालं हे कळत नाही.