हुकलेल्या फोटोंची वही

माझा पहिला कॅमेरा निकॉनचा डी३२००. घेतला तेव्हा त्याला कुठे ठेवू न् कुठे नको असं झालं होतं, आणि दुसऱ्याच वर्षी मी त्याला नावं ठेवायला लागले. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स, शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं? पण दुसऱ्या कुणाचा चांगला फोटो पाहिला की तोंडातून आधी "कॅमेरा कुठला?" हेच निघायचं. उत्तरात माझ्यापेक्षा वरचं मॉडेल ऐकलं की बरं वाटायचं. खापर फोडायला डोकं सापडायचं ना!

मी फोटो काढते ते मुख्यतः दोन ठिकाणी. हौशी नाटकवाल्यांच्या तालमीत आणि तळ्याकाठी पक्ष्यांचे. तालमीत उजेड नसतो आणि पक्षी जागेवर बसत नाहीत, म्हणजे दोन्हीकडे कॅमेऱ्याची परीक्षाच. माझी बरीचशी खरेदी या दोन ठिकाणच्या फजितीतून झाली. सुरुवातीची चुकीचीही तिथूनच.

पहिली चूक म्हणजे ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकी ती जास्त उघडते. जुनी लेन्स, वापरलेली, पण काच स्वच्छ. अंधारात चालेल अशी लेन्स घे, एवढंच ऐकलं होतं. घरी आणून लावली तर कॅमेऱ्याने 'एफईई' अशी अक्षरं दाखवली आणि शटर दाबूच देईना. तासभर घाम गाळल्यावर कळलं की लेन्सवरची अपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, रिंग २२वर नेऊन लॉक करायची असते, म्हणजे अपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येतं. ते केलं. मग शटर अर्धं दाबलं, तर फोकस ढिम्म हलेना. माझ्या या 'डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नव्हती. अशी लेन्स कॅमेऱ्यातली मोटर माउंटमधल्या, म्हणजे लेन्स बसवायच्या जागेतल्या, एका छोट्या दांडीने फिरवते, आणि डी३२००मध्ये ती मोटरच नाही. ज्यांच्या नावात 'एएफ-एस' आहे त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, माझ्या कॅमेऱ्याला त्या हव्या होत्या. दोन अक्षरांचा फरक, आणि तो मी वाचलाच नव्हता.

परत करण्याची सोय नव्हती, म्हणून ती लेन्स काही महिने हातानेच फिरवली. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात फोकस जमला की एक गोल ठिपका स्थिरावतो, त्याच्या भरवशावर. बोलता बोलता मान हलवणाऱ्या नटावर एफ/१.८ला हाताने फोकस करणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळायचं नाही. दहातले दोन जमायचे. पण नाकावर फोकस आणि डोळ्यावर फोकस यातला फरक मला याच लेन्सने शिकवला.

दुसरी खरेदी ५५-३०० झूम. पक्ष्यांसाठी. पहिल्या सकाळी खंड्याचे शंभरेक फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर बघितले तर सगळे मऊ, लोण्यात बुडवल्यासारखे. निष्कर्ष तयारच होता, लेन्स वाईट, कॅमेरा त्याहून वाईट. त्याच तळ्यावर येणारे एक काका होते, पक्ष्यांचे फोटो काढण्यात केस पांढरे झालेले. त्यांना तावातावाने विचारलं, "काका, आता कॅमेरा बदलायलाच हवा ना?"

ते म्हणाले, "बदल की. पण आधी मला हुकलेले फोटो दाखव. चांगले नकोत."

मी दाखवले. त्यांनी पक्ष्याकडे बघितलंच नाही, खालची माहिती वाचली. ३०० मिमी, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, २००. "अगं, हा कॅमेरा हातात धरून तीनशेवर १/१२५? लेन्सचा आकडा जितका, निदान तितकं तरी शटर हवं. तुझा सेन्सर छोटा, म्हणून त्याच्या दीडपट धर. आणि खंड्या उडणार असेल तर तेही पुरायचं नाही."

मी म्हटलं, "पण व्हीआर चालू होतं की."

"व्हीआर तुझा हात थांबवतं. खंड्याला कोण थांबवणार?"

दुसऱ्या दिवशी शटर १/१००० ठरवून टाकलं आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवला. तो १६०० पर्यंत चढला, सावलीत दाणे दिसायला लागले, पण पिसं सुटी सुटी दिसली. एक वर्ष मी आयएसओ ४००च्या वर जायला घाबरत होते, कारण नॉइज वाईट असं कुठेतरी वाचलं होतं. दाणेदार पण स्पष्ट फोटो सावरता येतो, हललेला फोटो कशानेच सावरत नाही. एक पैसा खर्च न होता निम्मी तक्रार मिटली, याचा आनंद कमी आणि ओशाळलेपण जास्त होतं.

काकांच्या त्या बोलण्यावरून मी एक वही घातली. हुकलेल्या फोटोंची. प्रत्येक बैठकीनंतर त्यात दोन-चार ओळी. काय काढायचं होतं, काय आलं, आणि कशामुळे. कारणाच्या रकान्यात 'कॅमेरा' एवढंच लिहायचं नाही, असा नियम मीच घातला. शटर कमी, फोकस मागच्या पडद्यावर गेला, मी उशिरा पोचले, पाठीमागे ट्यूबलाइट आली, असं सविस्तर. चार महिन्यांनी पानं चाळली तर सर्वात जास्त वेळा आलेलं कारण होतं 'मी चुकीच्या जागी उभी होते'. यावर कुणी लेन्स विकत नाही.

तरी दोन कारणं खरोखर सामानाची निघाली. एक, तालमीतला उजेड. दुसरं, फोकस.

उजेडाचं काम आधी हातात घेतलं. एका रात्री बसून वर्षभराच्या तालमीच्या फोटोंची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीचा आकडा, बघितली. प्रत्येक फोटोसोबत ती माहिती नोंदलेली असते आणि फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून गाळणी लावता येते. मला खात्री होती की मी बहुतेक फोटो ५५वर काढते. प्रत्यक्षात जे मला आवडले होते ते बरेचसे ३० ते ४० च्या मधले. म्हणजे ५० मिमी मला तसाही थोडा लांबच पडत होता. तो दीड पटीचा हिशोब लावला तर माझ्या कॅमेऱ्यावर तो ७५सारखा वागतो, आणि तालमीच्या छोट्या खोलीत मागे सरकायला जागा कुठे?

मग ३५ मिमी एफ/१.८, या वेळी 'एएफ-एस' दोनदा वाचून. किट लेन्स ३५वर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. ४.५ला १.८ने भागलं की अडीच, आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. तेवढ्या पट उजेड जास्त. म्हणजे जिथे १/२० वर हात आणि नट दोघंही हलत होते, तिथे त्याच आयएसओवर १/१२५ मिळालं. हा हिशोब मी खरेदीच्या आधी कागदावर मांडला होता, आणि पहिल्याच तालमीत तो जसाच्या तसा खरा ठरला. आतापर्यंतच्या सगळ्या खरेदीत मला सर्वात जास्त देऊन गेलेली वस्तू हीच.

याच काळात एक स्वस्त ट्रायपॉड घेतला, तो वाऱ्यात डुलायचा. नंतर एक बरा घेतला. सगळे हेच करतात, सांगूनही ऐकत नाहीत. आणि ३५वर लावलेला यूव्ही फिल्टर काढून टाकला. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावला की फोटोत त्या दिव्याचं हिरवट भूत विरुद्ध बाजूला उमटायचं. सपाट काचेवरचं परावर्तन ते. लेन्सला जपायचं असेल तर हूड, म्हणजे पुढे लावायचं कडं, पुरतं, निदान माझं मत असं आहे.

इथे थांबायला हवं होतं, पण फुल फ्रेमची बाधा झाली. ती सगळ्यांनाच एकदा होते, गोवरासारखी. ३६ गुणिले २४ मिमीचा सेन्सर, माझ्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून जास्त क्षेत्रफळ, अंधारात स्वच्छ चित्र. सगळं खरं. पण वहीतल्या पक्ष्यांच्या पानांकडे बघितलं आणि गाडी अडली. तीनशेच्या लेन्समधून खंड्याची प्रतिमा सेन्सरवर जेवढी पडते तेवढीच पडणार, सेन्सर कितीही मोठा असो. भोवतालची मोकळी जागा तेवढी वाढते. वर माझ्या झूम, किट आणि ३५ या तिन्ही लेन्स छोट्या सेन्सरसाठीच्या. त्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, लावल्या तर मधला तुकडा वापरून जेमतेम दहा-साडेदहा मेगापिक्सेल उरतात. म्हणजे बॉडी नाही, अख्खी पिशवी बदलायची. ४५ मेगापिक्सेलचाही मोह झाला होता. पण २४मध्ये फोटोची लांबी ६००० पिक्सेल आणि ४५मध्ये साधारण ८२५०. आकडा जवळजवळ दुप्पट, लांबी मात्र दीड पटीच्याही आत. माझे फोटो फार तर दहा गुणिले आठ इंचांवर छापले जातात, त्याला इंचामागे ३०० ठिपके धरले तरी सव्वासात मेगापिक्सेल पुरतात.

तरी मन ऐकेना म्हणून एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, दोन दिवस भाड्याने आणला. हा सल्ला मी कुणालाही देईन, कारण दुकानात हातात घेऊन काहीच कळत नाही. डोळा ओळखून फोकस पकडणं ही चैन आहे, खोटं का बोला. नट वळला तरी चौकोन डोळ्यावर चिकटलेला. आणि आवाज शून्य. तालमीत माझ्या आरशाची खटखट ऐकून दिग्दर्शकाने कितीदा तरी डोळे वटारले होते, त्या दिवशी मी खोलीत आहे हे कुणाला कळलंही नाही. पण आवाज बंद करायला इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं होतं. ते सेन्सर ओळीओळीने वाचत जातं, आणि खोलीतले एलईडी दिवे लुकलुकणारे. निम्म्या फोटोंवर आडवे पट्टे. आणखी एक गंमत कळली. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, मिररलेससाठीचा झेड माउंट २०१८चा. मध्ये अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या लेन्स चालतात खऱ्या, पण त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. माझा ५० डी तिथेही हातानेच फिरवायचा होता.

भाड्याचा कॅमेरा परत करून वही उघडली. फोकसच्या रकान्यात दोनच प्रकारच्या नोंदी होत्या. अंधारात फोकस पुढे-मागे धुंडाळत राहतो, आणि कडेला उभ्या असलेल्या नटावर तो बसत नाही. डी३२००मध्ये ११ फोकस पॉइंट, त्यातला मधला एकच क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा. मी नेहमी मधल्यावर फोकस धरून मग चौकट सरकवायचे, आणि एफ/१.८ला तेवढ्यात डोळा निसटायचा. डी७२००मध्ये ५१ पॉइंट, १५ क्रॉस टाइप, आणि माझ्यापेक्षा बऱ्याच कमी उजेडात चालणारे. व्ह्यूफाइंडर आरशांचा नाही, खऱ्या प्रिझमचा, शंभर टक्के चौकट दाखवणारा. शटर आणि अपर्चरला दोन वेगळ्या चकत्या. सेन्सर तेवढाच, मेगापिक्सेल तेवढेच. कागदावर कुणी याला अपग्रेड म्हणणार नाही.

वापरलेलाच शोधला. पहिला जो बघायला गेले त्याच्यासोबत एक लेन्स होती, तिच्या मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. विकणारा म्हणाला, फोटोत दिसत नाही. मी नमस्कार करून निघाले. दुसऱ्याचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा, बत्तीस हजारांच्या आसपास होता, आणि या मॉडेलचं शटर दीड लाखाच्या हिशोबाने तपासलेलं असतं. एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघितली, दोन ठिपके, ब्लोअरने गेले. प्रत्येक बटण दाबलं, दोन्ही कार्ड घालून बघितली, फ्लॅश उघडून मिटला. विकणारे आजोबा कंटाळून म्हणाले, "बाई, लग्न ठरवताना पण एवढं बघत नाहीत."

घरी आल्यावर ३५चा फोकस किंचित पुढे पडतोय असं वाटलं. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवून तपासलं आणि मेनूत फाइन ट्यून करून टाकलं. जुन्या कॅमेऱ्यात ही सोयच नव्हती, म्हणून तेव्हाच्या किती फोटोंचा दोष मी स्वतःवर घेतला होता कोण जाणे.

मग आठवलं, की या बॉडीत मोटर आहे. कपाटातून ५० डी काढला, रिंग २२वर लॉक केली आणि पुढच्या तालमीला घेऊन गेले. नायिकेचं स्वगत चालू होतं, खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी दाराशी उभी राहून चौकट नीट बांधली, कडेचा पॉइंट तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि शटर अर्धं दाबलं. इतकी वर्षं मुकी असलेली लेन्स घर्रर्र करून फिरली. फोकस लख्ख बसला. नायिका वाक्य विसरून माझ्याकडे बघायला लागली, आणि दिग्दर्शकाने पुन्हा डोळे वटारले.

तो फोटो आलाय. वहीत त्याची नोंद करायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.