आमची वाटचाल : सेट उतरवणाऱ्यांची

गोरेगावच्या चित्रनगरीत सेट उभारणाऱ्यांचे नाव होते. तो उतरवणाऱ्यांचे नाव श्रेयनामावलीत कधी आले नाही, आणि आमचा धंदा उतरवण्याचाच आहे. मालिका बंद पडली किंवा चित्रपटाचे चित्रीकरण आटोपले की आम्ही सेट सुटा करतो, फ्लॅट (म्हणजे लाकडी पट्ट्यांवर प्लाय ठोकून केलेल्या सेटच्या सुट्या भिंती), दारे, खिडक्या, जिने नायगावच्या गोदामात नेतो आणि पुढच्या निर्मितीला भाड्याने देतो. 'हरित निर्मिती' हे शब्द आता प्रत्येक बैठकीत कानावर पडतात. आम्ही सुरुवात केली तेव्हा मात्र आम्हांला भंगारवाले म्हणत, आणि काही जण आजही म्हणतात.

आमच्यावर पहिला विश्वास टाकला तो व्यावसायिक रंगभूमीवरून आलेल्या एका नेपथ्यकारांनी. दुपारी पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात उभा असलेला दिवाणखाना रात्री ठाण्याच्या गडकरीला पुन्हा उभा राहिलाच पाहिजे, या शिस्तीत ते वाढलेले; त्यामुळे सिनेमाच्या फ्लोअरवरही ते दोन फ्लॅट खिळ्यांनी ठोकू देत नसत, बिजागरीने जोडून घेत, म्हणजे सळई ओढली की भिंत सुटी. जिथे खिळे असतातच, तिथे आमची माणसे पहारीला हात लावत नाहीत. पहारीने भिंत झटपट पडते खरी, पण 6 मिमीच्या प्लायची कड फाटते आणि मागच्या पाइनच्या पट्ट्या चिरतात. त्याऐवजी जंबुराच्या, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीच्या, जबड्याखाली लाकडाची चिपटी सरकवायची आणि मूठ हळूहळू कलती करायची, की खिळा वाकडा न होता वर येतो. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर माप आणि रंगाचा प्रकार लिहिल्याशिवाय तो टेंपोत चढत नाही.

मधली वर्षे बरी गेली. मग एका प्रतिस्पर्ध्याने निर्मात्यांना सांगायला सुरुवात केली की, सेट उतरवण्याचे पैसे कसले देता, उलट आम्हीच तुम्हांला भंगाराचे पैसे देतो. लाकूड आणि लोखंड विकले जाई. थर्माकोल, रंगवलेला कॅनव्हास आणि फुटका प्लाय रात्री मोकळ्या जागेत पेटवला जाई. कचरा उघड्यावर जाळण्यास 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली होती आणि थर्माकोलचा काळा धूर दुरूनही ओळखू येतो, तरी कोणी विचारले नाही. आमच्या दरात पीओपीचा राडारोडा योग्य जागी नेण्याचे भाडे धरलेले असे, त्यांच्या दरात नसे. निर्मिती व्यवस्थापकाला दिसे ती फक्त शेवटची रक्कम. एकामागून एक कामे हातची गेली.

त्यातच 19 मार्च 2020 पासून चित्रीकरणे थांबली. पावसाळ्यात गोदामाला ओल आली, खालच्या थरातला प्लाय फुगला आणि त्यामागून वाळवी आली. एप्रिल 2021 मध्ये राज्यातली चित्रीकरणे पुन्हा बंद झाली तेव्हा बऱ्याच मराठी मालिका गोव्यात गेल्या. तिथे तयार बंगल्यांत काम भागत असल्याने आमचे फ्लॅट कोणाला हवे होते? गोदामाच्या मालकाने जागा रिकामी करण्याचा तगादा लावला. त्या वेळी त्याच नेपथ्यकारांनी, स्वतःच्या हाताला काम नसताना, पुढच्या कामाची उचल म्हणून आमचे थकलेले भाडे भरले. प्रतिस्पर्ध्याच्या कार्डावर आता हिरवे पान छापलेले असते आणि दरपत्रकात 'पुनर्वापर' हा शब्द असतो. तो आमच्याच जुन्या दरपत्रकातून उचललेला आहे, हे आम्ही ओळखतो.

कलादिग्दर्शकांना, त्यांनी विचारलेले नसले तरी, सांगतो : पीओपीचे नक्षीकाम थेट फ्लॅटवर ओतू नका, वेगळ्या पट्टीवर करून ती स्क्रूने बसवा, भिंतींची मापे शक्यतो प्लायच्या अख्ख्या तक्त्याच्या, म्हणजे आठ बाय चार फुटांच्या पटीत ठेवा, म्हणजे कापाकापी टळते, ऑइलपेंटऐवजी पाण्यात कालवायचा रंग वापरा, त्यावर पुढचा हात सहज बसतो. आणि उतरवणीची रक्कम सेटच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरून घ्या, कारण शेवटच्या पॅकअपनंतर निर्मात्याकडे पैसा उरलेला नसतो आणि फ्लोअर दुसऱ्या सकाळी पुढच्या युनिटला द्यायचा असतो. एका रात्रीत सेट हवा तसा पाडता येतो. जंबुराने उतरवायला मात्र किमान दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांचे फ्लोअरचे भाडे आमच्या दरातून कापून घेण्याची पद्धत आम्हांला मान्य नाही.