खडूची रेघ

गेल्या वैशाखात सांगोला तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा रात्री फोन आला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "मिस्त्री, टेंभुर्णीच्या बाजूला यार्डात ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचा लिलाव हाय परवा. उद्या बघायला सोडत्यात. पोरानं मोबाइलवर एक हेरून ठेवलाय. येताय का?"

येतो म्हटलं, पण दिवस वर यायच्या आत तिथं पोचायचं, या अटीवर. इंजिन गार असतानाच बघायचं असतं. तापलेलं इंजिन कसंही असलं तरी एका सेल्फमध्ये चालू होतं. लायनर-पिस्टन झिजलेलं इंजिन आपली खोड सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच दाखवतं. त्यामुळे यार्डात गेल्यावर माझं पहिलं काम म्हणजे सायलेन्सरला हात लावून बघणं. कोमट लागला, तर आपल्या आधी कुणीतरी तो चालू करून ठेवलाय असं समजायचं.

साडेसहाला पोचलो. चाळीसेक ट्रॅक्टर ओळीनं उभे होते, बॉनेटवर लॉट नंबर टाकलेले. या कामात मला २७ वर्षं झाली, तरी अशा यार्डात शिरताना जिवाला बरं वाटत नाही. प्रत्येक ट्रॅक्टर कुणाच्या तरी दारातून हप्ता थकला म्हणून उचलून आणलेला असतो. एकाच्या स्टेअरिंगला दसऱ्याच्या झेंडूचा वाळका हार तसाच होता.

आबांच्या पोरानं हेरलेला ट्रॅक्टर ४५ एचपीचा, २०१८ सालचा. नवा रंग मारलेला, टायर पॉलिश केलेले. पोरगं त्याच्याभोवती फिरत म्हणालं, "काका, शोरूममधून काढल्यासारखा हाय बघा." मीटरवर २,१०० तास.

सायलेन्सर थंडगार होता. डिपस्टिक काढली. ऑइल काळं होतं; काळ्याची काळजी नसते, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय म्हणून सोडून द्यायचं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. अर्ध्या सेल्फला चालू झाला. धूर क्षणभर आला आणि निवळला. निळा धूर नाही. ऑइल भरायचं झाकण काढून वर तळवा धरला, बॅक कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टनच्या कडेनं निसटलेल्या वाफेचा, भपकारा नाही. यार्डात पडलेला दोन फाळी नांगर जोडून लिफ्ट उचलली, इंजिन बंद केलं आणि चहा घेतला. चहा संपला तरी नांगर होता तिथंच.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. इंजिन खरोखर चांगलं होतं, आणि त्याच जागी मी पूर्वी एकदा फसलोय. चुलतभावासाठी ट्रॅक्टर बघायला गेलो होतो, आवाजावर खूश होऊन घ्यायला लावला. मृगाच्या तोंडावर रोटाव्हेटर मारताना बांधावर चढला आणि मधून मोडला. माणूस वाचला, पण त्या वर्षाची पेरणी हुकली. त्यानं मला कधी शब्दानं दुखावलं नाही, म्हणून ते जास्तच लागून राहिलंय.

तेव्हापासून मी इंजिनानंतर एक वेगळीच गोष्ट बघतो. ह्या ट्रॅक्टरचं वय कुठल्या कामात गेलं? नांगरटीत, रोटाव्हेटरवर, की ओढीत? ज्या कामात गेलं असेल, त्याच कामाचं दुखणं त्याच्या अंगात असतं.

मागं जाऊन बसलो. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या, सहाही दात्यांच्या कडा अजून धारदार. म्हणजे रोटाव्हेटर, मळणीयंत्र याला फारसं लागलेलंच नाही. अवजार जोडायच्या खालच्या लिंकचे बॉलही घट्ट. पण हुकाचं भोक, जिथं ट्रॉलीची पिन बसते, ते ओढून ओढून लांबट अंड्यासारखं झालेलं. मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत आणि कडेला उभी. मातीत चाललेलं टायर असं झिजत नाही, डांबरावर चाललेलं झिजतं. ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा पार पुसलेल्या. २,१०० तासांत पेडल एवढं गुळगुळीत होत नाही. मीटरची केबल काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

टूलबॉक्स उघडला. खाली तेलकट चिंध्यांत साखर कारखान्याच्या वजनकाट्याची पावती सापडली. निव्वळ वजन २१ टन. म्हणजे डबल ट्रॉली.

मडगार्डकडे उन्हाच्या तिरिपेत बघितलं तर नव्या रंगाखाली जुनी अक्षरं उठून दिसली, ‘आई-वडिलांची पुण्याई’. आबांनी त्यावरनं बोट फिरवलं आणि गप्प झाले. आमच्या भागात ऊसवाहतूकदाराची गत सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर कर्जाचा, वर मुकादमाला ऊसतोडीच्या टोळीसाठी लाखांत उचल द्यायची, आणि ऐन हंगामात टोळी आलीच नाही की उचलही गेली आणि हप्ताही. या ट्रॅक्टरचं नेमकं काय झालं हे मला कळायला मार्ग नव्हता. पण तो पाच-सहा हंगाम दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या गव्हाणीच्या, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेच्या, रांगेत उभा राहिला असणार, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं.

मग पोतं टाकून खाली आडवा झालो.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हौसिंग, गिअरबॉक्स, मागचा धुरा हे एकमेकांना बोल्टनं जोडलेले आणि तोच त्याचा कणा. हौसिंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड दाब सोसतं, ताण आणि हिसके सोसत नाही. मागं एवढी ओढ असली की खड्ड्यात पुढची चाकं उचलतात आणि आपटतात, तो प्रत्येक हिसका या मधल्या जोडावर येतो. चीर पडायची ती तिथंच.

खाली सगळीकडं रंग एकसारखा होता, पण हौसिंगच्या डाव्या अंगाला वीतभर जागा जरा जास्तच गुळगुळीत लागली. बिडाच्या ओतकामाला खरखर असते. तिथं ती नव्हती. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून ती जागा चांगली चोळली, कोरड्या फडक्यानं पुसून घेतली आणि वर खडू घासला. पांढरं झालं. दहा मिनिटं थांबलो. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओल उमटते.

केसासारखी एक रेघ आली. हळूहळू ठळक होत बोल्टच्या भोकापर्यंत गेली.

पोराला खाली बोलावून दाखवली. चाकूच्या टोकानं रंग खरवडला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, तिच्याखाली वेल्डिंग, आणि त्या वेल्डिंगच्या शेजारून नवीन चीर. बिडाचं वेल्डिंग नीट तापवून, सावकाश गार करून केलं नाही तर शेजारून असंच फुटतं. पोरगं बराच वेळ टॉर्च धरून आडवं पडून होतं. बाहेर आल्यावर म्हणालं, "आबा, ह्यो नगं."

तेवढ्यात शेजारी दोघं आले, तेही त्याच लॉटवर नजर ठेवून. मी त्यांनाही वाकून बघायला सांगितलं. यार्डातला माणूस चिडला. "तुमच्या गिऱ्हाइकाचं बघा, बाकीच्यांना कशाला सांगताय?" लिलाव ‘जसं आहे, जिथं आहे’ या अटीवर असतो, नंतर तक्रार चालत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर बोलीच्या आधी सांगायला पाहिजे. खाली झोपून बघायला प्रत्येकाकडे मिस्त्री नसतो.

आबांसाठी मी दुसरा काढला. जुना, धुळीनं माखलेला ३९ एचपीचा. क्लच घसरत होता, पुढच्या सेंटर पिनचं बुश गेलेलं, एक मागचं टायर संपलेलं. पण पीटीओचे दाते मापात झिजलेले, हुकाचं भोक गोल, रिमच्या आत वाळलेला चिखल. शेतात राबलेला ट्रॅक्टर होता. त्याची दुखणी मला मोजता आली, म्हणून किती बोलायचं हेही सांगता आलं. चासी नंबर पुसून, ठसा खोडलेला नाही ना हे हातानं चाचपून, आरसी बुकाशी ताडला. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ फायनान्सवाले कधी देणार, ते त्यांच्याकडून लिहून घ्या म्हणून आबांना बजावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या आतच सुटला.

रंगवलेला लॉटही गेला. आदल्या दिवशी खडूची रेघ बघितलेल्या दोघांपैकी एकानंच बोली लावली. मी त्याला गाठून विचारलं, दिसली होती ना? म्हणाला, "दिसली मिस्त्री. म्हणून तर कमीत मागितला." पुढं काय करणार विचारलं तर म्हणाला, कारखान्याचा करार झालाय, ऑक्टोबरात ट्रॉल्या जोडायच्यात.

मी त्याला माझा नंबर दिला. हौसिंग नवं टाक, तोवर दोन ट्रॉल्या जोडू नकोस म्हटलं. त्यानं मान हलवली आणि पैसे भरायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.