हजेरीच्या वहीतला रकाना

गॅलरीच्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. दोन्ही बाजूंना तुळईवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो, त्याच्या तळाला ताण येतो, म्हणून तिथे सळई तळाशी घालतात. गॅलरीची बाहेरची कड मात्र कशावरच टेकलेली नसते, ती खाली झुकू पाहते आणि ताण वरच्या पृष्ठभागाला येतो. सहा इंच जाडीच्या गॅलरीत ही सळई वरून जेमतेम इंचभर खाली असायला हवी. ती आणखी अडीच इंच खाली बसली, तर गॅलरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि एकदा काँक्रीट पडून वरून घोटले गेले की ते कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. कळते ते सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटला खालून धरणारा तात्पुरता साचा, उतरवताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे गॅलरीत माणसे उभी राहिल्यावर. हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की २०१४ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर शहरालगतच्या एका इमारतीवर नेमकी हीच चूक पकडली गेली, आणि ती मी पकडली नव्हती.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. पावसाळ्याआधी वरचे काम उरकण्याची घाई सगळ्यांनाच होती. मी सकाळी आठ वाजता सळईची तपासणी करायला पोहोचले, तेव्हा मिक्सर सुरू करण्याच्याच बेतात होते. माझ्याबरोबर कार्यालयातला एक तरुण सहकारी होता. त्याला पदवी घेऊन सहा महिने झाले होते आणि मला सोळा वर्षे. सुपरवायझरने आम्हा दोघांना नमस्कार केला, नकाशांची गुंडाळी त्या मुलाच्या हातात दिली आणि मला विचारले, "मॅडम, सायेब येणार हाईत न्हवं?" त्या इमारतीचे सगळे स्ट्रक्चरल नकाशे मी केले होते आणि प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही होती. मी एवढेच म्हणाले, की आजची तपासणी मीच करणार आहे. असे प्रसंग मी कधी मोजले नाहीत, कारण ते मोजत बसले तर दुसरे कामच होणार नाही.

बारावीनंतर मी सिव्हिलला प्रवेश घेतला, तेव्हा घरच्यांना अनेकांनी सांगितले होते की साइटवरचे काम मुलींना झेपत नाही. शकुंतला भगत यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ सालीच सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती आणि पुढे हिमाचलच्या डोंगरांतल्या नद्यांवर पूल उभे केले होते, हे मला चार वर्षांच्या शिक्षणात एकाही प्राध्यापकांनी सांगितले नाही. ते तेव्हा कळले असते, तर मी घरात जरा अधिक जोराने भांडले असते.

तर मी स्लॅबवर चढले. तुळयांच्या रिंगा, स्लॅबच्या सळयांचे अंतर, सळई तळापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक हे सगळे नकाशाप्रमाणे होते. गॅलरीच्या कोपऱ्यात एक चाळिशीची बाई उकिडवी बसून हुकाने बाइंडिंग वायरच्या गाठी मारत होती. खांद्यावरून पुरुषी शर्ट, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. ती विजापूरकडची होती, हे तिच्या मराठीवरून लगेच कळत होते. मी जवळून जात असताना ती म्हणाली, "मॅडम, हितं खुर्च्या कमी हाईत. वरची जाळी बसतीया खाली."

खुर्ची म्हणजे सळईच्याच तुकड्याची वाकवून केलेली घोडी, जिच्या आधारावर वरची जाळी उचलून धरलेली असते. तिने वापरलेला शब्द अगदी बरोबर होता. मी मात्र वहीतून डोळे न काढता तिला विचारले, "फिटर कुठे आहे? त्यांना बोलवा." फिटर म्हणजे सळई वाकवून बांधणारा कारागीर.

ती उठली. "जाळी म्याच बांधलीया. त्यो खाली रिंगा वाकवतोय." एवढे बोलून ती दोन्ही पायांनी गॅलरीच्या जाळीवर उभी राहिली. सळया तिच्या पायांखाली वाकल्या आणि तळाच्या पत्र्यापासून दोन बोटांवर येऊन थांबल्या. ती बाजूला झाली, तरी त्या पूर्ण वर आल्या नाहीत. मी खाली बसून पट्टी लावली. पत्र्यापासून पाच इंच वर असायला हवी ती सळई अडीच इंचांवर होती. साडेचार फुटांत एकही खुर्ची नव्हती. मी पंधरा मिनिटांपूर्वी त्याच गॅलरीवरून एकदा फिरून गेले होते, पण सळयांचे अंतर मोजण्याच्या नादात उंची पाहिली नव्हती. घमेली घेऊन माणसांची ये-जा सुरू झाली असती, म्हणजे उरलेली जाळीही तुडवली जाऊन खाली बसली असती.

"फिटर कुठे आहे?" हा माझा प्रश्न आणि "सायेब येणार हाईत न्हवं?" हा सुपरवायझरचा प्रश्न यांत मला आजही फरक करता येत नाही. त्याला माझा राग आला नव्हता आणि मलाही तिच्याबद्दल तुच्छता नव्हती. जाळी बांधणारा हात पुरुषाचाच असणार, हे मी कुठेतरी इतके गृहीत धरले होते, की हुक हातात धरलेली बाई समोर बसलेली असूनही ती मला दिसली नाही.

मी काम थांबवायला सांगितले. सुपरवायझरने ठेकेदारांना बोलावले. त्यांचे म्हणणे, मिक्सर आणि लिफ्ट भाड्याने आणली आहे, माणसे येऊन बसली आहेत, खुर्च्या भरता भरता घालू. मी नाही म्हणाले आणि सळईवर पट्टी ठेवून दाखवली. ते ऐकायला तयार नव्हते. त्यांनी बाजूला जाऊन आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ भागीदारांना फोन लावला. आमच्या सरांनी काहीही न विचारता सांगितले, "मॅडम सांगतील तसं करा." ठेकेदारांनी फोन खिशात ठेवला आणि त्याच क्षणी मिक्सर बंद करायला सांगितला. सरांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्या विश्वासाची मला किंमत आहे. तरीही सळईशेजारी उभ्या असलेल्या माझ्या बोलण्याने जे झाले नाही, ते पंधरा किलोमीटरवरून सळई न पाहता बोललेल्या एका वाक्याने झाले, हे मी विसरू शकलेले नाही.

पुढचे तीन तास ती बाई आणि तिचा नवरा खुर्च्या वाकवत होते. ओंडक्यावर ठोकलेल्या जाड खिळ्यांत सळईचा तुकडा अडकवायचा, पान्याने एक काटकोन, मग दुसरा, मग पाय बाहेर. तिचा हात नवऱ्यापेक्षा वेगाने चालत होता आणि प्रत्येक खुर्चीची उंची ती वितीने नव्हे, तर खडूची खूण केलेल्या लाकडी पट्टीने तपासत होती. खाली तळमजल्यावर दोन बल्ल्यांच्या मध्ये साडीची झोळी बांधून तिचे लेकरू झोपवले होते. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे. या साइटवर त्या नऊ होत्या. बायकांसाठी शौचालयही नव्हते. मी स्वतः साइटच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, ही सवय इतकी जुनी आहे की त्यामागचे कारणही आता आठवावे लागते.

अकराच्या सुमारास जाळी पुन्हा तपासली, चालण्यासाठी सळयांच्या वर फळ्या टाकायला लावल्या आणि भरणी सुरू झाली. ती रात्री नऊला हॅलोजनच्या उजेडात संपली.

निघण्यापूर्वी मी साइटच्या नोंदवहीत दिवसाचा अहवाल लिहायला बसले. चूक कुणी लक्षात आणून दिली हे त्यात लिहायचे म्हणून सुपरवायझरकडे तिचे नाव मागितले. त्याने हजेरीची वही उघडली. तिच्यात तीन रकाने होते: मिस्त्री, बिगारी, बाई. शाळेत गणित शिकवणाऱ्यांना आम्ही 'बाई' म्हणत असू आणि त्या शब्दाला केवढा मान होता. इथे तोच शब्द सर्वांत कमी मजुरीच्या रकान्याचे नाव होता. समान कामाला समान वेतन देणारा, तेव्हा लागू असलेला कायदा १९७६ सालचा होता, पण कामालाच वेगळे नाव दिले की दरही वेगळा ठेवता येतो. तिचे नाव तर त्या तिसऱ्या रकान्यातही नव्हते. सळईचे काम वजनावर दिले जाते, किलोला अमुक इतके, आणि ते नवऱ्याच्या नावावर होते. तिचे दिवसभराचे श्रम त्याच्या किलोंमध्ये मोजले जात होते. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची, तर वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत एक दिवसही नाव नसलेल्या बाईला तो कोण देणार?

मी तिलाच नाव विचारून नोंदवहीत लिहिले आणि पुढे 'फिटर' असे लिहिले. सुपरवायझर वाकून पाहत होता. तो मनापासून, मला समजावल्यासारखा म्हणाला, "मॅडम, बाई फिटर नस्ती." मी त्याला विचारले, की मग वरची जाळी कुणी बांधली. त्याने उत्तर दिले नाही. ठेकेदारांनी पानाखाली सही केली. त्यांनी ते वाचले की नाही, मला ठाऊक नाही.

सात दिवसांनी मी स्लॅबचे पाणी मारणे नीट चालले आहे का, हे पाहायला गेले. ती दोघे तोवर दुसऱ्या साइटवर गेली होती. नोंदवही उघडली, तर मागच्या पानावरचा माझा 'फिटर' हा शब्द निळ्या पेनाने नीट एका रेघेत खोडलेला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिले होते, 'फिटरची बायको'.

मी त्याखाली तिचे नाव पुन्हा लिहिले, पुढे 'फिटर' लिहिले, तारीख घातली आणि सही केली.